अकरा खनिजांची गोळी

वाचकाचं पत्र

"माझं वय ५२. तीन वर्षांपूर्वी पाळी थांबली. मागच्या वर्षी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे १.८ आला. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम सांगितला. माझे धाकटे दीर म्हणतात की नुसत्या कॅल्शियमने काही होत नाही, खरं काम सूक्ष्म खनिजं करतात. त्यांनीच माझ्या केसांची चाचणी करवून घेतली. त्यात झिंक आणि मँगेनीज कमी, सिलिकॉन 'अत्यंत कमी' असं आलं. मग अकरा खनिजांच्या गोळ्यांचा डबा आला. सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडच्या गोळीसोबतच त्यातल्या दोन घेते, म्हणजे विसरायला होत नाही. पाच महिने झाले. दोन गोळ्यांत मिळून झिंक ५० मिलिग्रॅम आणि स्ट्रॉन्शियम ६८० मिलिग्रॅम आहे, शिवाय मँगेनीज, बोरॉन, सेलेनियम, सिलिकॉन वगैरे. मध्यंतरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेला आला म्हणून थायरॉइडचा डोस वाढवून दिलाय. हा डबा चालू ठेवू का? आणि मुलगा चौदा वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यांत बुटका. त्यालाही झिंक दिलं तर उंची वाढेल का?"

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. डबा आजपासून बंद करा. मुलाला त्यातली एकही गोळी देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू राहू द्या, फक्त थायरॉइडच्या गोळीपासून लांब. आणि थायरॉइडचा वाढवलेला डोस मनाने कमी करू नका. त्याविषयी शेवटी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे.

दिरांवर मात्र रागावू नका. त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हेच. घरात चालत असेल तर कोंबडीचं एक हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, मधे एकदा-दोनदा व्हिनेगर बदला. बाहेर काढाल तेव्हा आकार तोच असेल, लांबीही तीच, पण हाड बोटांनी वाकवता येईल. आम्लाने त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवून नेलेलं असतं आणि मागे उरतं ते कोलॅजन या प्रथिनाचं जाळं. याच्या उलट, एखादं हाड प्रखर आचेवर खूप वेळ भाजलं तर कोलॅजन जळून जातं आणि खनिज शिल्लक राहतं. तेव्हाही आकार बदलत नाही, पण चिमटीत दाबलं की भुगा होतो. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, उरलेल्यात बहुतेक कोलॅजन आणि थोडं पाणी. खनिजामुळे हाड दबत नाही आणि कोलॅजनमुळे ते तुटत नाही. डेक्साचं यंत्र यांतलं फक्त खनिज मोजतं, हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

हे सगळं एकदा बांधून कायमचं झालं असंही नसतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खोदून काढतात, त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन नवं भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. एक खड्डा खोदायला दोन-तीन आठवडे लागतात, भरून यायला तीन-चार महिने. पाळी थांबली की इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो, खोदणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. तुमचा उणे १.८ हा आकडा बहुतांशी याच घडामोडीचा आहे. उणे १ ते उणे २.५ या टप्प्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. हाडं विरळ झाली आहेत, पण ऑस्टिओपोरोसिसची रेषा ओलांडलेली नाही. झिंक किंवा सिलिकॉन कमी पडलं म्हणून हे झालं, असं या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

आता सूक्ष्म खनिजांकडे येऊ. शरीरात कॅल्शियम किलोभर असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडा-दातांत. झिंक सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम. तांबं एका ग्रॅमचा दहावा हिस्सा. मँगेनीज तर दहा-वीस मिलिग्रॅम. एवढ्याशा मालाने हाड रचलं जाणं शक्यच नाही. त्यांचं काम वेगळं आहे. हाड घडवणारी जी एन्झाइम्स आहेत, त्यांच्या पोटात या धातूंचे अणू बसलेले असतात, आणि तो अणू नसेल तर ते एन्झाइम काम करत नाही.

झिंकचं बघा. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाची ओळ असते ना, ते झिंकवर चालणारं एन्झाइम आहे. आपल्या शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ असतो, तो खनिजाचे स्फटिक बनू देत नाही, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर नको तिथे खडे जमले असते. हाडात मात्र स्फटिक हवेच असतात. तिथे हे एन्झाइम पायरोफॉस्फेट तोडतं आणि वाट मोकळी करतं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतःच अपुरं असतं त्यांची हाडं कॅल्शियम भरपूर असूनही मऊ राहतात.

तांब्याची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, आणि तुम्ही लिहिलेल्या यादीत नेमकं तांबंच नाही. कोलॅजनचे धागे नुसते शेजारी-शेजारी पडून राहिले तर त्यांना ताकद नसते; ते एकमेकांना आडवे सांधावे लागतात. हे सांधणारं एन्झाइम, लायसिल ऑक्सिडेज, तांब्याशिवाय चालत नाही. मेंकेस या आजारात, ज्याचं वर्णन १९६२ साली झालं, एका जनुकातल्या दोषामुळे बाळाच्या शरीरात तांबं नीट पोचत नाही. त्या बाळांचे केस राठ आणि पिळलेले असतात, मेंदूची वाढ खुंटते आणि हाडं सहज मोडतात. कमी दिवसांच्या बाळांत तांब्याची कमतरता राहिली तरी अशी फ्रॅक्चर्स दिसतात. कॅल्शियम त्यांच्या हाडात असतं, सांधणी नसते.

झिंक आणि तांब्याचं वैर इथूनच सुरू होतं. रोज भरपूर झिंक पोटात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवायला लागतात. ते प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरतं. अन्नातून आलेलं तांबं त्या पेशींतच अडकतं, आणि काही दिवसांनी त्या पेशी झडल्या की शौचावाटे निघून जातं. महिनोन् महिने असं चाललं की आधी रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, आणि पुढे मज्जारज्जूवर परिणाम होऊन पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. कवळी चिकटवायच्या क्रीममध्ये पूर्वी झिंक असायचं. ते वर्षानुवर्षं भरमसाठ वापरणाऱ्या काही लोकांना नेमकं हेच झालं होतं. प्रौढ स्त्रीची झिंकची रोजची गरज ८ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, आहार मुख्यतः धान्य-कडधान्यांचा असेल तर थोडी जास्त. वरची मर्यादा अमेरिकेत ४० मिलिग्रॅम मानतात, युरोपात २५. तुमच्या दोन गोळ्यांत ५० आहे, अन्नातलं वेगळंच. म्हणजे हाडांसाठी म्हणून घेतलेली गोळी कोलॅजन सांधणाऱ्या धातूलाच शरीराबाहेर काढत असण्याची शक्यता आहे. पाच महिने ही फार मोठी मुदत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना डबा दाखवा आणि रक्ताची साधी गणना, सीरम कॉपर (रक्तातलं तांबं) आणि सेरुलोप्लाझ्मिन (ते तांबं वाहून नेणारं प्रथिन) करून घ्यायचं का, ते विचारा. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल तर पुढच्या भेटीची वाट बघू नका.

बाकीच्यांचं थोडक्यात. मँगेनीज कूर्चा आणि हाडाच्या पायाभूत जाळ्यातली काही संयुगं बनवायला लागतं. ते कमी पडलं तर कोंबडीच्या पिल्लांच्या पायांचे सांधे वाकडे होतात, पण नेहमीचं जेवण जेवणाऱ्या माणसात त्याची कमतरता जवळजवळ दिसतच नाही. जास्त झालेल्याची उदाहरणं मात्र आहेत: खाणीत आणि वेल्डिंगच्या धुरात काम करणाऱ्यांना त्यापासून कंपवातासारखा आजार होतो. बोरॉनबद्दल १९८७ सालचा एक प्रयोग नेहमी पुढे केला जातो. त्यात स्त्रिया होत्या अवघ्या बारा. सिलिकॉन वाढत्या हाडात सापडतं आणि आहारात ते जास्त असलेल्यांची हाडं काही पाहण्यांमध्ये दाट दिसली आहेत, पण गोळीने फ्रॅक्चर टळल्याचा पुरावा नाही. या दोघांची रोजची गरज किती, हेही कुणी ठरवलेलं नाही. मग 'अत्यंत कमी' हे कशाच्या तुलनेत, हा प्रश्न तुमच्या रिपोर्टला विचारायला हवा. सेलेनियमची जमिनीतच कमतरता असलेल्या चीन-तिबेटच्या काही पट्ट्यांत मुलांचे सांधे आखडणारा काशिन-बेक आजार होता, तिथे सेलेनियमचा प्रश्न खरा होता. तुमचा तो नाही.

आता दिरांना सांगण्यासारखी गोष्ट. त्यांचा दावा अगदी हवेतला नाही. १९९४ साली पाळी थांबलेल्या ५९ स्त्रियांवरचा दोन वर्षांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्या मणक्याची घनता साडेतीन टक्क्यांनी घटली. ज्यांना कॅल्शियमसोबत झिंक, तांबं आणि मँगेनीज दिलं त्यांची दीड टक्क्याने वाढली. याच अभ्यासाच्या जोरावर असे कितीतरी डबे विकले गेले. पण नुसतं कॅल्शियम घेणाऱ्या आणि कॅल्शियमसोबत ही खनिजं घेणाऱ्या स्त्रियांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता, हे डब्यावर कुणी छापत नाही. पुढे २०११ साली २२४ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास आला. सगळ्यांना कॅल्शियम होतं, निम्म्यांना वर १२ मिलिग्रॅम झिंक आणि २ मिलिग्रॅम तांबं. ज्यांच्या जेवणातून झिंक ८ मिलिग्रॅमपेक्षा कमी मिळत होतं त्यांना गोळीचा थोडा उपयोग झाल्यासारखं दिसलं. ज्यांना जेवणातूनच पुरेसं मिळत होतं त्यांच्यात गोळी घेणाऱ्यांची हाडं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटली. कमतरता असेल तर ती भरून काढण्याने फायदा होतो. नसताना वर आणखी ओतलं तर हाड ते साठवून मजबूत होत नाही. आणि तुमची कमतरता आहे की नाही, हे केसांवरून कळत नाही.

कारण केस म्हणजे मेलेली पेशीद्रव्यं, आणि त्यांवर बाहेरून काय लागतं याला धरबंध नसतो. कोंडा घालवणाऱ्या शाम्पूत झिंक असतं, काहींत सेलेनियम असतं. कंडिशनरमध्ये सिलिकॉनची संयुगं असतात. शिवाय कुपोषणात केसांची वाढ मंदावते, त्यामुळे झिंक खरोखर कमी असूनही केसातला आकडा चांगला येऊ शकतो. २००१ साली एका निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवून पाहिले. काही खनिजांच्या आकड्यांत दहापटीहून जास्त तफावत आली आणि सल्लेही एकमेकांच्या विरुद्ध. रक्तातलं झिंक त्यापेक्षा बरं, तरी तेही परिपूर्ण नाही: शरीरातल्या झिंकचा हजारावा हिस्साच रक्तद्रवात असतो आणि साध्या तापानेही तो आकडा खाली येतो. चांगला डॉक्टर आहार, पोटाचे आजार, चालू औषधं आणि रक्ताचा आकडा असं सगळं एकत्र ठेवून बघतो.

आता स्ट्रॉन्शियम. या डब्यातली ही सगळ्यांत फसवी वस्तू, कारण तुमच्या पुढच्या डेक्सावर ती उठून दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. स्ट्रॉन्शियम आवर्तसारणीत कॅल्शियमच्या बरोबर खाली बसतं, म्हणून हाड त्याला कॅल्शियम समजून आत घेतं. पण त्याचा अणू कॅल्शियमपेक्षा जड, क्ष-किरण जास्त अडवतो. डेक्साचं यंत्र अडलेल्या किरणांवरून खनिज मोजतं, त्यामुळे हाडात फारसं काही न वाढताही आकडा चढतो. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट या औषधाच्या चाचण्यांत घनतेतली जी वाढ दिसली तिच्यातली निम्म्याच्या आसपास वाढ अशी नुसती दिसण्यापुरती होती. ते औषध युरोपात २००४ साली मंजूर झालं, मणक्याची फ्रॅक्चर्स त्याने कमी केली हेही खरं, पण हृदयविकाराचा धोका दिसल्यावर त्यावर कडक बंधनं आली आणि २०१७ साली बनवणाऱ्या कंपनीनेच ते थांबवलं. डब्यांत मिळतं ते बहुधा स्ट्रॉन्शियमचं दुसरंच क्षारसंयुग असतं, आणि त्याने फ्रॅक्चर टळतात असं दाखवणाऱ्या तोडीच्या चाचण्या नाहीत. हाडात शिरलेलं स्ट्रॉन्शियम गोळी बंद केल्यावरही बराच काळ राहतं. म्हणून पुढच्या डेक्साच्या वेळी तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना, दोघांनाही, किती महिने घेतलं ते सांगा. नाहीतर आकडा सुधारलाय असं वाटून गरजेचा उपचार मागे पडायचा.

आकडा वाढला म्हणजे हाड मजबूत झालं असं नाही, याचा सगळ्यांत लख्ख धडा फ्लोराइडने दिला. फ्लोराइड हाडाच्या स्फटिकात शिरतं आणि ऑस्टिओब्लास्टना चेतवतं, म्हणून एके काळी ऑस्टिओपोरोसिसवर ते मोठ्या आशेने देत. १९९० साली अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला: पाळी थांबलेल्या २०२ स्त्रिया, निम्म्यांना चार वर्षं रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, कॅल्शियम सगळ्यांना. फ्लोराइडवाल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. आजही कुठलं औषध असा आकडा सहजासहजी दाखवत नाही. आणि फ्रॅक्चर्स? मणक्यांची लक्षणीय कमी झाली नाहीत, आणि मणक्यांखेरीज इतर हाडांची ७२ झाली. फ्लोराइड न घेणाऱ्यांत २४. हाड दाट झालं होतं, पण खडूसारखं: टणक, आणि वाकायची वेळ आली की थेट मोडणारं. पाण्यातून वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलेल्यांची हाडं अशीच होतात. एक्स-रेमध्ये ती पांढरीशुभ्र, भरीव दिसतात आणि माणसाला पाठ वाकवता येत नाही, कारण अस्थिबंधांतही खनिज साचलेलं असतं. मद्रास इलाख्यातल्या रुग्णांवरून १९३७ साली याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. दातांना किडीपासून वाचवणारं आणि सांगाड्याला जखडून टाकणारं द्रव्य एकच, फरक मात्रेचा.

सूक्ष्म खनिज म्हटलं की लोक ते आपसूक हितकारक धरून चालतात, याचं मला नवल वाटतं. शिसं आणि कॅडमियम हीसुद्धा हाडाशी सूक्ष्म प्रमाणातच खेळतात. जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठी खाणीतून आलेलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. मूत्रपिंडं बिघडली, हाडं इतकी मऊ झाली की खोकल्यानेही बरगडी मोडायची. बळी बहुतेक पन्नाशीपुढच्या, बाळंतपणं झालेल्या स्त्रिया. 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतं-दुखतं', हे नाव रुग्णांच्या कण्हण्यावरूनच पडलं. जपान सरकारने १९६८ साली तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. तंबाखूच्या धुरातही कॅडमियम असतं. घरात कुणी ओढत असेल तर डब्याआधी ते बंद व्हायला हवं. आणि दिरांनी उद्या 'नैसर्गिक' म्हणून प्राण्यांच्या हाडांची पूड आणून दिली तर तीही नको. प्रौढांच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच साठतं, ते प्राण्यांच्या बाबतीतही खरं आहे.

मग करायचं काय? जेवणात कडधान्यं, तीळ-भोपळ्यासारख्या बिया, सुकामेवा, अख्खी धान्यं, हिरव्या भाज्या आणि चालत असतील तर अंडी-मासे-मांस असं आलटून-पालटून असेल तर झिंक, तांबं, मँगेनीज, सेलेनियम हे सगळं सहसा मिळून जातं, आणि तेही एकमेकांच्या प्रमाणात. धान्य-कडधान्यांतलं फायटेट झिंकला बांधून ठेवतं; भिजवणं, मोड आणणं, आंबवणं याने ते कमी होतं. प्रथिनं पुरेशी खा, कारण कोलॅजन शेवटी प्रथिनच. वजन उचलण्याचा व्यायाम करा, चालणं पुरत नाही. तोल सांभाळण्याचा सरावही हवा, कारण मनगट आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे. डॉक्टरांना 'फ्रॅक्स' काढायला सांगा. वय, वजन, आई-वडिलांचं खुब्याचं फ्रॅक्चर वगैरे धरून पुढच्या दहा वर्षांतला फ्रॅक्चरचा धोका त्यातून निघतो. औषध हवं की नको, हे एकट्या टी-स्कोअरपेक्षा त्यावरून जास्त नीट ठरतं.

मुलाबद्दल. झिंकने उंची वाढते हे कुठून आलं ते सांगतो, कारण ती गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच दिशाभूल करते. १९५८ साली आनंद प्रसाद नावाचे, मूळचे बिहारचे डॉक्टर इराणमधल्या शिराझला काम करायला गेले. तिथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. दाढी-मिशा नाहीत, वयात आल्याची एकही खूण नाही, अंगात रक्त नाही, यकृत आणि प्लीहा वाढलेली. खाणं जवळजवळ नुसत्या गव्हाच्या रोटीचं, आणि वर तो माती खायचा. असे आणखी रुग्ण त्यांना तिथे सापडले. पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांचा अभ्यास करून १९६३ साली त्यांनी दाखवलं की यांच्यात झिंकची कमतरता आहे. झिंक दिल्यावर ती मुलं वाढली, वयात आली. तोवर माणसाला झिंक कमी पडू शकतं हेच बहुतेक तज्ज्ञांना पटत नव्हतं. अमेरिकेत त्याची रोजची गरज अधिकृतपणे ठरायला १९७४ साल उजाडलं.

पण त्या तरुणाचं जेवण आणि तुमच्या मुलाचं जेवण एक आहे का? नसेल तर झिंक देऊन उंची वाढणार नाही. तुम्ही आधी त्याच्या जुन्या नोंदी काढा: शाळेचं आरोग्यपत्रक, बालरोगतज्ज्ञांची फाइल, दाराच्या चौकटीवरच्या खुणासुद्धा चालतील. दरवर्षी किती सेंटिमीटर वाढला हे पहिल्यांदा बघायचं. वर्षाला चारहून कमी वाढत असेल तर ते दुर्लक्षून चालणार नाही. तुम्ही दोघं स्वतः बुटके आहात का, आणि त्याच्या वडिलांची उंची उशिरा वाढली होती का, हेही सांगा. पुष्कळ मुलं नुसती उशिरा वाढणारी असतात आणि सतराव्या वर्षी वर्गाला गाठतात. चौदा पूर्ण झाल्यावरही वयात येण्याची काहीच खूण नसेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. ते डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढतील, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतील, आणि सिलिअ‍ॅक आजाराची चाचणी करतील. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होणाऱ्या या आजारात उंचीही खुंटते आणि झिंकही कमी पडतं. तिथे झिंकची गोळी दिली तर मूळ आजार आणखी काही वर्षं लपून राहील.

आता थायरॉइड. तुमची गोळी थायरॉक्सिनची असणार. झिंक, कॅल्शियम, लोह अशी खनिजं आतड्यात थायरॉक्सिनला पकडतात आणि ते रक्तात नीट जात नाही. तुम्ही पाच महिने दोन्ही एका घोटात घेतलं. टीएसएच वाढला तो आजार वाढल्यामुळे नव्हे, तर औषध पोचतच नव्हतं म्हणून, असं असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टरांना डब्याची कल्पना नव्हती, त्यांनी समोरच्या आकड्यावरून डोस वाढवला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आता डबा बंद केल्यावर तोच वाढवलेला डोस पूर्ण अंगी लागेल आणि कदाचित जास्त होईल. थायरॉक्सिन जास्त झालं की हाड खोदणाऱ्या पेशी आणखी चेकाळतात. पाळी थांबलेल्या स्त्रीचं हाड त्याने वेगाने झिजतं, शिवाय हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वेगळाच.

म्हणून या आठवड्यातच थायरॉइडच्या डॉक्टरांना फोन करून डबा कधी सुरू केला, कधी बंद केला आणि गोळी कशासोबत घेत होतात ते सांगा. डोस आत्ताच पूर्वीवर आणायचा की तपासणीनंतर, हे त्यांनाच ठरवू द्या. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी, दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला जोडून. छातीत धडधड, हाताला कंप किंवा अकारण वजन घटणं जाणवलं तर लगेच कळवा. नाहीतर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा.